राउटरला हार्ड डिस्क लावली की वायफाय अडखळतं : कारण आणि उपाय

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं वाईचं घर जुनं आहे, दगडी भिंतींचं. राउटर माजघरात आहे आणि त्याच्या मागे निळा यूएसबी पोर्ट आहे. त्याला २ टेराबाइटची पोर्टेबल हार्ड डिस्क जोडली. त्यात घरातले सगळे फोटो, व्हीएचएस कॅसेटवरून उतरवून घेतलेली लग्नं-मुंजी आणि बाबांनी वर्षानुवर्षं जमवलेली कीर्तनं आहेत. आईबाबांना टीव्हीवर किंवा फोनवर, पेन ड्राइव्हची काढघाल न करता, हवं ते लावता यावं एवढीच इच्छा.

डिस्क जोडल्यापासून दारावरचा कॅमेरा दिवसातून कितीतरी वेळा 'ऑफलाइन' दाखवतो. माडीवर व्हिडिओ कॉल अडकतो, समोरच्याला आमचा आवाज तुटक जातो. विशेष म्हणजे फोनवर वायफायची रेंज फुल असते! माजघरात राउटरजवळ मात्र फारसा फरक जाणवत नाही. इंटरनेट कंपनीने राउटर बदलून दिला, तरी तेच. डिस्क काढली की सगळं सुरळीत.

डिस्क खराब आहे का? का आता यासाठी वेगळा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइल ठेवायची वेगळी पेटी, घ्यावा लागेल? त्याचा खर्च एवढ्यासाठी जास्त वाटतो.

घाटमाथा

ताई, वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत (बँडमध्ये) चालतं. आधी २.४ गिगाहर्ट्झचा चॅनेल बदलून बघा. १, ६ आणि ११ हे एकमेकांवर न चढणारे चॅनेल आहेत. शेजाऱ्यांचे राउटर ज्यावर नाहीत तो घ्या.

लहरवेडा

कृष्णाकाठ ताई, तुमची डिस्क बहुधा धडधाकट आहे, राउटरही. रेडिओ सर्किटची चाचणी हेच माझं रोजचं काम असल्यामुळे जरा विस्ताराने लिहितो, कारण या एका गोष्टीपायी लोक राउटर बदलतात, मेश (घरभर ठेवायचे जोडराउटर) घेतात, आणि मूळ कारण तसंच राहतं.

निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३.०. त्यातून डेटा सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने जातो. एकाआड एक ०-१-०-१ अशी मालिका गेली तर तारेवरची लहर २.५ गिगाहर्ट्झची होते. प्रत्यक्षात डेटा मुद्दाम विस्कटून पाठवतात, त्यामुळे ही ऊर्जा एका जागी न राहता शून्यापासून ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरते. आपलं २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतं, म्हणजे नेमकं या पसाऱ्याच्या मधोमध. ऊर्जा तारेतच राहिली असती तर काहीच बिघडलं नसतं. पण पोर्टच्या फटीतून, केबलच्या टोकाला धातूची जाळी नीट जोडलेली नसते तिथून, आणि डिस्कच्या प्लास्टिकच्या डबीतून ती बाहेर गळते. इंटेलने एप्रिल २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं. यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलने वाढलेला त्यांनी मोजून दाखवला. २० डेसिबल म्हणजे १०० पट.

आता रेंज फुल असूनही कॉल का तुटतो ते. फोनवर दिसणारी रेंज म्हणजे राउटरचा आवाज फोनला किती जोरात ऐकू येतो, एवढंच. फोनचा आवाज राउटरपर्यंत पोचतोय का, हे त्यातून कळत नाही. गुऱ्हाळावर इंजिनाशेजारी उभ्या माणसाने मारलेली आरोळी शेताच्या कडेच्या माणसाला ऐकू येते, पण कडेच्या माणसाने दिलेली ओ इंजिनाशेजारच्याला ऐकू येत नाही. इथे इंजिन म्हणजे तुमची डिस्क, आणि ती राउटरच्या कानाशी आहे. फोन आणि कॅमेरा राउटरपेक्षा क्षीण आवाजात बोलतात. त्यात दोन दगडी भिंती मध्ये आल्या की उरलेला आवाज गोंगाटात बुडतो. म्हणून माडी आणि दार आधी तुटतात, माजघर तगतं. समोरच्याला तुमचा आवाज तुटक जातो तोही याचमुळे.

घाटमाथा, चॅनेल बदलून शेजाऱ्यांचा त्रास कमी होतो, पण हा गोंगाट सगळ्या पट्ट्यावर पसरलेला आहे. १ काय आणि ११ काय, तिन्ही जागी तो आहेच. चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ असेल तर मात्र ती २० वर आणा. अर्धा पट्टा ऐकला की गोंगाटही निम्माच आत येतो.

घाटमाथा

हे माहीत नव्हतं. पण मग डिस्कवर काही कॉपी होत नसताना तरी वायफाय नीट चालायला हवं ना?

लहरवेडा

चांगला प्रश्न. यूएसबी ३.० ची जोडणी जागी असेपर्यंत दोन्ही टोकं एकमेकांना सतत काहीतरी पाठवत राहतात. फाइल नसली तरी भरतीची चिन्हं जात असतात, आणि तीही त्याच ५ गिगाबिटच्या वेगाने. जोडणी वीजबचतीच्या अवस्थेत गेली तरच शांतता होते, आणि बऱ्याच राउटरमध्ये ती तशी जात नाही. डिस्कची चकती थांबली म्हणजे जोडणी झोपली असं नाही.

कृष्णाकाठ

तुम्ही लिहिलेलं आमच्या घराशी तंतोतंत जुळतंय. पण खात्री कशी करायची? पैसे खर्च करायच्या आधी कारण हेच आहे हे बघायचं आहे.

लहरवेडा

खर्च न करता होईल. माडीवर लॅपटॉप ठेवा आणि तो २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायच्या नावालाच जोडा. कमांडच्या खिडकीतून राउटरच्या पत्त्याला, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ असतो, पिंग चालू ठेवा, म्हणजे लॅपटॉप राउटरला सारखी हाक मारतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते दाखवतो. इंटरनेटवरच्या साइटला नको, राउटरलाच, म्हणजे कंपनीच्या लाइनचा संबंध राहत नाही. आता खाली कुणाला तरी डिस्क काढायला-लावायला सांगा. डिस्क नसताना उत्तरं काही मिलिसेकंदांत येतील. डिस्क लावल्यावर आकडे शेकड्यात उड्या मारू लागले, मध्येच उत्तर येईनासं झालं, तर अर्धी खात्री झाली.

उरलेली अर्धी खात्री केबलने करा. तुमच्या पोर्टेबल डिस्कला रुंद, चपटं, मध्ये खाच असलेलं टोक असेल. नीट बघा, त्याचे दोन भाग आहेत. मोठा भाग म्हणजे जुन्या अँड्रॉइड फोनचं मायक्रो यूएसबी, लहान भागात ३.० च्या जास्तीच्या तारा. फोनची जुनी मायक्रो यूएसबी केबल त्या मोठ्या भागात व्यवस्थित बसते. डेटा नेणारी हवी, नुसती चार्जिंगची नको. डिस्क मग यूएसबी २.० म्हणून चालते, सेकंदाला ४८० मेगाबिटने, आणि २.४ च्या पट्ट्यातला तो गोंगाट थांबतो. डिस्क तीच, वीज तीच, जागा तीच, फक्त ३.० च्या तारा गेल्या. आता पिंग सुधारलं तर गुन्हेगार सापडला.

केबल आखूड आणि जाड घ्या. डिस्क टकटक करू लागली किंवा सुरूच होईना, तर वीज कमी पडतेय असं समजून लगेच काढा.

खाडीपलीकडे

या शेवटच्या वाक्यावर मला जोर द्यायचा आहे, कारण आमच्या ठाण्याच्या घरात लक्षणं अशीच होती आणि कारण वीज निघालं.

राउटरच्या अडॅप्टरवर काय छापलंय ते वाचा. १२ व्होल्ट १ अँपिअर असेल तर सगळे मिळून १२ वॅट. त्यात राउटर स्वतः चालतो, दोन्ही बँडचे रेडिओ चालतात. अडीच इंची डिस्क चकती फिरवायला सुरुवात करते तेव्हा क्षणभर ५ व्होल्टवर १ अँपिअरच्या आसपास ओढू शकते, म्हणजे ५ वॅट. यूएसबी ३.० च्या पोर्टने ९०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, २.० च्या पोर्टने ५००. जुना, दमलेला अडॅप्टर असेल तर त्या क्षणी व्होल्टेज खाली येतं आणि राउटर रीस्टार्ट होतो. बाहेरून बघणाऱ्याला 'वायफाय गेलं' एवढंच दिसतं.

फरक ओळखायचा कसा? विजेचा प्रश्न असेल तर सगळंच एकदम जातं: २.४, ५ गिगाहर्ट्झ, लॅनची वायर, आणि पुढच्या दिव्यांचा खेळ पहिल्यापासून सुरू होतो. गोंगाटाचा प्रश्न असेल तर दिवे शांत, वायरवरचा कॉम्प्युटर मजेत, ५ गिगाहर्ट्झवरचा फोन मजेत, फक्त २.४ वरची लांबची यंत्रं मरतात. आम्ही स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी) मध्ये लावला, त्रास संपला.

लहरवेडा

उत्तम भर. फक्त एक सांगतो: हब ३.० चा असेल तर गोंगाटाच्या जागा वाढतात. अशा कामाला २.० चा, स्वतःच्या विजेवर चालणारा साधा हब जास्त बरा.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीत राहते. इथे बऱ्याच घरांत फ्रिट्झबॉक्स नावाचा राउटर असतो आणि त्याच्या यूएसबीच्या पानावरच पोर्ट ३.० वर ठेवायचा की २.० वर हे निवडता येतं. असुसच्या कित्येक राउटरमध्येही पोर्ट २.० वर आणायची सोय आहे. ताई, तुमच्या राउटरमध्ये तसं काही दिसतं का बघा, मग केबलही बदलावी लागणार नाही. मला वाटतं हा पर्याय प्रत्येक राउटरमध्ये असायला हवा आणि मुळात २.० वरच असायला हवा. ज्याला वेग हवा त्याने वाढवावा. वायफाय बिघडलेल्या माणसाला यूएसबीच्या पानावर जाऊन शोधायचं सुचणार तरी कसं?

कृष्णाकाठ

कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये असा पर्याय नाही, बरीच पानं उघडून पाहिली. पण केबलचा प्रयोग केला. भाचीला खाली बसवलं, मी माडीवर. मूळ केबल लावली की पिंग सैरभैर, काही उत्तरं येतच नाहीत. फोनची जुनी केबल लावली आणि डिस्क नसताना जसं होतं तसंच पिंग सुरू झालं. कॅमेराही काल रात्रीपासून एकदाही गेलेला नाही. लहरवेडा दादा, मनापासून आभार. बाबांनी रात्री माडीवर बसून पूर्ण कीर्तन ऐकलं.

आता शंका वेगाची. २.० वर आणल्यामुळे टीव्हीवर व्हिडिओ अडकणार नाही ना?

लहरवेडा

नाही. यूएसबी २.० प्रत्यक्षात सेकंदाला ३० मेगाबाइटच्या वर देतो. दोन अँटेनांचं २.४ चं वायफाय २० मेगाहर्ट्झवर कागदावर १४४ मेगाबिट सांगतं, हाती अगदी चांगल्या स्थितीत ८०-९० मेगाबिट लागतात, म्हणजे १० मेगाबाइटच्या आसपास. टीव्हीला १०० मेगाबिटचा लॅन पोर्ट असेल तर तिथेही ११-१२ मेगाबाइटच. म्हणजे २.० वर आणूनही डिस्क वायफायपेक्षा तिप्पट वेगवान राहते. डीव्हीडीचा व्हिडिओ सेकंदाला फार तर १० मेगाबिट मागतो, मेगाबाइट नव्हे. कीर्तनाची एमपी३ तर त्याच्याही कितीतरी खाली.

वेगाचा फरक पडेल तो पहिल्यांदा डिस्क भरताना. २ टेराबाइट ३० मेगाबाइटच्या वेगाने भरायला साडेअठरा तास लागतात, वायफायवरून तर दोन दिवसांच्या वर. तेव्हा डिस्क काढून मूळ केबलने थेट कॉम्प्युटरला जोडा, भरा आणि परत आणून लावा.

सोनचाफा

आमच्या राउटरला पेन ड्राइव्ह आहे, ३.० चा, तो थेट पोर्टात जातो. त्याला केबल कुठून आणणार? एका व्हिडिओत अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळायला सांगितलं आहे. चालेल का?

लहरवेडा

फॉइल नको. गळती थांबते ती धातूचं आवरण सगळीकडून बंद आणि पोर्टच्या धातूला नीट जोडलेलं असेल तेव्हा. नुसती गुंडाळलेली फॉइल अधांतरी राहते, तिच्या फटीतून लहरी बाहेर येतातच. शिवाय पेन ड्राइव्ह आणि राउटर दोन्ही तापतात आणि अँटेनाच्या शेजारी धातू आला की वायफाय आणखी बिघडतं. केबलवर अडकवायचे ते काळे फेराइटचे मणीही सुचवले जातात. ते काहीशे मेगाहर्ट्झपर्यंत उपयोगी असतात, २.४ गिगाहर्ट्झला त्यांची मात्रा फारशी लागू पडत नाही.

तुम्ही यूएसबी २.० ची मीटरभर एक्स्टेंशन केबल घ्या. २.० ची असली की ३.० च्या तारा आपोआप तुटतात, आणि वर पेन ड्राइव्हही अँटेनापासून लांब जातो. ज्यांना ३.० चाच वेग हवा आहे, वायरवरून मोठ्या फाइल हलवायच्या आहेत, त्यांनी चांगल्या शिल्डची ३.० ची केबल घेऊन डिस्क लांब ठेवावी. मोकळ्या जागेत १० सेंटिमीटरवरून १ मीटरवर नेलं की गोंगाट १०० पट कमी पोचतो, म्हणजे ते २० डेसिबल भरून निघतात. पण राउटरच्या पोर्टाशी होणारी गळती जागच्या जागी राहते, म्हणून हा उपाय दर वेळी पुरा पडत नाही.

वहीखातं

हाच प्रकार ऑफिसात. लॅपटॉपला बॅकअपची डिस्क लावली की वायरलेस माउस अडकत अडकत चालायचा. माउसचा रिसीव्हर आणि डिस्क शेजारशेजारच्या पोर्टात होती. रिसीव्हर दुसऱ्या बाजूला लावला, माउस सुधारला. तोही २.४ वरच चालतो, हे आज कळलं.

खाडीपलीकडे

ब्लूटूथ आणि झिगबीचे (स्मार्ट उपकरणांच्या बिनतारी जोडणीचे) दिवेसुद्धा त्याच पट्ट्यात आहेत. रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरला ३.० ची डिस्क लावून त्याच्याच वायफायवर घरचा सर्व्हर करणारे याच खड्ड्यात पडतात. तिथे लॅनची वायर लावणं उत्तम.

घाटमाथा

सगळी यंत्रं ५ गिगाहर्ट्झवर नेली तर प्रश्नच मिटेल ना?

लहरवेडा

फोन, लॅपटॉप, नवा टीव्ही जरूर न्या. ५ गिगाबिटच्या यूएसबीची ऊर्जा ५ गिगाहर्ट्झच्या जवळ जवळपास शून्यावर येते, त्यामुळे तो बँड वाचतो. पण ताईंच्या घराला हे पुरणार नाही. दगडी भिंत ५ गिगाहर्ट्झला जास्त अडवते, आणि दारावरचे स्वस्त कॅमेरे, स्मार्ट प्लग बहुतेक २.४ वरच बोलतात. म्हणून २.४ स्वच्छ ठेवणं भागच आहे.

मांडवीतीर

पणजीहून लिहितोय. व्यत्ययाचं छान झालं, आता त्या डिस्कवरच्या फोटोंची काळजी म्हणून लिहितो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते. राउटरला मिनी यूपीएस असतो, पण तो किती वॅटचा आहे ते बघा, डिस्क लावल्यावर तो लवकर उतरतो. आणि लिहिताना वीज गेली तर फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल मांडायची पद्धत, महत्त्वाची. फॅट३२ आणि एक्सफॅटला जर्नल (अर्धवट राहिलेलं लिखाण सावरणारी नोंदवही) नसतं, फॅट३२ मध्ये तर ४ गिगाबाइटच्या वरची फाइलच बसत नाही. एनटीएफएस किंवा राउटरला चालत असेल तर एक्स्ट४ बरी. डिस्क उपसायच्या आधी राउटरच्या पानावर 'सुरक्षित काढा' दाबायचं, नेहमी.

दुसरं, राउटरवरची डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. कॅसेटवरून उतरवलेल्या फाइल परत मिळायच्या नाहीत, मूळ फितींना बुरशी लागत असते. त्यांची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर करून ती दुसऱ्या घरात ठेवा.

ऱ्हाइनकाठ

याला माझाही जोरदार पाठिंबा. अजून एक: जुने राउटर फाइल देताना एसएमबीची (नेटवर्कवर फाइल वाटायच्या पद्धतीची) पहिली आवृत्तीच वापरतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्यातल्याच भोकातून पसरला, आणि विंडोज १० मध्ये त्या वर्षाच्या शेवटापासून ती आपोआप बसवली जात नाही. विंडोज फोल्डर उघडत नाही म्हणून ती चालू करा असं कुणी सांगितलं तर करू नका. टीव्हीसाठी राउटरचा मीडिया सर्व्हर पुरतो. आणि 'बाहेरून प्रवेश' किंवा एफटीपी (फाइल पाठवायची जुनी पद्धत) इंटरनेटला उघडायचा पर्याय असेल तर तो बंद आहे ना, एकदा बघून घ्या.

कृष्णाकाठ

बंद आहे, बघितलं. दुसरी प्रत पुण्याला बहिणीकडे ठेवायची ठरली आहे. मांडवीतीर काका, फितींचं तुम्ही बोललात ते फार लागलं, अजून काही कॅसेट उतरवायच्या बाकी आहेत, त्या आता आधी करून घेते.

एक शेवटचं. ही डिस्क जुनी होत चालली आहे. पुढे एसएसडी (चकती नसलेली डिस्क) घेतली तर तिला टाइप-सी असतं, तिथे मायक्रो यूएसबीची युक्ती चालणार नाही. मग काय करायचं?

लहरवेडा

तेही सोपं आहे. फोनच्या चार्जरबरोबर येणाऱ्या एका टोकाला साधं यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशा बहुतेक केबल २.० च्याच असतात. एसएसडी तिने राउटरला जोडा. खात्रीसाठी ती आधी कॉम्प्युटरच्या निळ्या पोर्टाला लावून एक मोठी फाइल कॉपी करा. वेग सेकंदाला ४० मेगाबाइटच्या आत राहिला तर केबल २.० ची आहे, शेकड्यात गेला तर ३.० ची. पहिली राउटरला, दुसरी डिस्क भरायला. दोन्हींना चिठ्ठी चिकटवून ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी अदलाबदल करणार नाही.